रबराच्या आतला बेडूक

कुठला प्राणी कुठे राहतो, हे ठरवण्याचं काम आमच्या खात्याकडे आहे. प्राण्याला विचारण्याची पद्धत नाही. भिंतीवर देशाचा नकाशा आहे. प्राणी सापडला तिथे टाचणी मारायची, सगळ्यांत बाहेरच्या टाचण्यांभोवती रबर ताणायचं, आणि आत जे येईल ते त्या प्राण्याचं घर. रबर ताणण्याचं हे काम गेली एकोणीस वर्षं मी करतो. एकदाही तुटू दिलेलं नाही. बढाई नाही मारत, खरं तेच सांगतो.

आमच्याकडे सर्वेक्षण करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे बेडूकताई म्हणतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. वीटभट्ट्यांमागच्या दलदलीत अंगठ्याएवढा एक बेडूक राहतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही, हे त्यांनी अकरा वर्षं चिखल तुडवून सिद्ध केलं. एकूण बेडूक एकेचाळीस. एकेकाचा आवाज आपल्याला ओळखू येतो म्हणायच्या, आणि मला ते पटायचं.

रबराच्या आतली जागा, म्हणजे व्याप्ती, शंभर चौरस किलोमीटरच्या आत निघाली, तर बेडूक 'संकटग्रस्त' आणि दलदलीला कोणी हात लावायचा नाही. जास्त निघाली तर भराव टाकायला रान मोकळं. भराव आमचंच खातं टाकणार होतं. तिथे संवर्धन भवन व्हायचं होतं, वाहनतळासकट.

ताईंच्या तीन टाचण्या इतक्या जवळजवळ होत्या की रबराला चार वेढे द्यावे लागले. व्याप्ती दोन चौरस किलोमीटर. ताईंचा जीव भांड्यात पडला. मग साहेब आले.

"संग्रहालयातला धरला का?" साहेबांनी विचारलं.

तीनशे किलोमीटरवरच्या संग्रहालयात याच दलदलीतला एक बेडूक चाळीस वर्षं बाटलीत आहे. नोंदवहीत 'ठिकाण' या रकान्यात संग्रहालयाचा पत्ता. मी चौथी टाचणी मारली, रबर ओढलं. व्याप्ती तीनशे चौरस किलोमीटर. बेडूक बसल्या जागी सुरक्षित झाला.

"अहो दादा, तो मेलाय!" ताई ओरडल्या.

"ताई, नियमात 'जिवंत' असा शब्दच नाही. मी तीनदा शोधला."

"मॅडम," साहेब समजुतीने म्हणाले, "मेलेला बेडूकसुद्धा कुठेतरी असतोच ना?"

ताई रडकुंडीला आल्या. "मग आणा ती बाटली इकडे! इथे आणून ठेवली की टाचणीही इथेच येईल ना?"

साहेब खुर्चीतून उठलेच. "म्हणजे बाटली हलवली की व्याप्ती हलते? मॅडम, हे आम्हाला इतकी वर्षं सुचलं नाही हो!"

दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला. प्रजातीच्या व्याप्तीत वाढ करण्याच्या हेतूने सत्तावीस विभागीय कार्यालयांत प्रत्येकी एक नमुना आणि, बाटली फुटलीच तर हाताशी असावा म्हणून, एक राखीव नमुना ठेवण्यात यावा. म्हणजे चोपन्न बेडूक. दलदल अगदी गाळून काढली, तरी एकेचाळीसच भरले. उरलेल्या तेरा बाटल्या 'नमुना प्रतीक्षेत' अशी चिठ्ठी लावून रिकाम्याच रवाना झाल्या. सही सर्वेक्षक म्हणून ताईंचीच लागत होती. त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांच्या नावापुढे 'रजेवर' लिहून मी सही केली.

एक रबर पुरेना. मी आठ जोडली. देश तर आत आलाच, थोडा समुद्रही आला. बेडूक समुद्रात राहतो का, हा दुसऱ्या विभागाचा प्रश्न. आमच्या अहवालात शेरा पडला: 'सर्वत्र आढळतो. संवर्धन यशस्वी.' साहेबांचा सत्कार झाला. दलदलीवर डंपर गेले.

ताई एकदाच आल्या. "तिथे आता काहीच ओरडत नाही, दादा," एवढंच म्हणाल्या. मला शरम वाटली. फार वाटली. तरी तोंडातून निघालं ते हेच, "ताई, तुम्ही जुन्या ठिकाणी बघताय. नकाशा बघा." त्यांनी नकाशाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. "अजून तीस दिवस आहेत," मी चाचरत म्हणालो, "लोकांच्या हरकती मागवल्यात. खात्यातल्यांची धरत नाहीत, पण बाहेरची एक जरी आली, तरी अहवाल पुन्हा उघडावा लागतो." त्या रोज टपालाची चौकशी करू लागल्या.

नकाशा सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आला होता, पानभर, हिरव्या रंगात. आपल्या अंगणात, आपल्या गल्लीत असला बेडूक कधी पाहिला नाही, एवढी एक ओळ कोणीतरी लिहायची होती. पत्रं आली एकशे बारा. सगळी अभिनंदनाची. आमच्या भागात दुर्मीळ बेडूक आहे हे वाचून ऊर भरून आला, असं बहुतेकांनी कळवलं होतं.

तुमचं घर रबराच्या आत आहे, मी पाहिलंय. तुमचं पत्रही आलं असेल तर फाइलला लावलेलं आहे. आणि आलं नसेल, तर नियमाप्रमाणे तुमच्या नावापुढे मी 'बेडूक पाहिला' अशी नोंद केली आहे.