अंदाजाला शिक्का नाही

ढगेकाकांनी कंपनीच्या कॅन्टीनमधली चपाती वर्नियरनं मोजली, तेव्हा मी त्यांच्या समोरच बसलो होतो. शर्टाच्या खिशातून ते पोलादी माप काढून त्यांनी चपाती चार ठिकाणी जबड्यात धरली आणि वाढणाऱ्याला सांगितलं, "इकडं दीड मिलिमीटर, तिकडं अडीच. रिजेक्ट."

वाढणारा म्हणाला, "काका, खायची हाय, मशीनला बसवायची न्हाई."

काकांनी ती खाल्ली. पण जाड बाजूकडून, निषेध नोंदवत.

चाकणच्या आमच्या कारखान्यात काका तपासणी विभागात आहेत. कंपनी भोसरीला होती तेव्हापासून. त्यांच्याकडे दोन शिक्के असतात, पासचा हिरवा आणि नापासाचा लाल. कुणी "साधारण बरोबर आहे" म्हणालं की ते म्हणतात, "अंदाजाला माझ्याकडं शिक्का नाही." तपासणीची कागदपत्रं मी करतो, त्यामुळे आमची टेबलं शेजारी आणि कंपनीच्या बसमधल्या जागाही. रहाटणीच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहतात. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. मुलगी राजगुरुनगरला दिलेली. बाळंतपणाला माहेरी यावं तर माहेरात करणारं कुणी नाही, म्हणून ते सासरीच झालं. मुलगी झाली.

राजगुरुनगर कारखान्यापासून किती लांब? फार तर अर्ध्या तासाचा रस्ता. तरी तीन आठवडे झाले, आजोबा नातीला बघायला गेले नव्हते. बसमधून लेकीला फोनवर सांगायचे, "ओव्हरटाइम चालू आहे गं." ओव्हरटाइम बंद होऊन सहा महिने झाले होते. मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

नात झाली त्याच आठवड्यात आमच्या टेबलावरच्या शिंदेला टीबी निघाला होता. तो औषधं घेऊन घरी बसला आणि कंपनीनं आम्हा शेजाऱ्यांची तपासणी काढली. या निमित्तानं एचआरच्या मॅडमनी फलक लावला, फुगे लावले आणि व्यवस्थापकांच्या हस्ते नारळ फोडला. हातावर सुई टोचायच्या कार्यक्रमाला नारळ कशाला, हे विचारण्याइतका मी वरिष्ठ नाही.

सोमवारी आमचे छातीचे फोटो काढले आणि हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर औषध टोचलं. फुगवटा किती येतो ते बुधवारी बघणार होते. काकांना बुधवारपर्यंत दम निघणार कसा? ते दर तासाला वर्नियर लावून वहीत आकडे लिहीत होते. मंगळवारी दुपारी त्यांनी आलेखही काढला.

"राव, चढतंय," ते म्हणाले.

माझ्या हातावर काहीच उठलं नव्हतं. काकांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला. "तुमचं यंत्र शून्यावर आहे," ते म्हणाले. एवढ्या हेव्यानं माझ्याकडे कधी कुणी पाहिलेलं नाही.

बुधवारी नर्सबाईंनी काकांच्या हातावर प्लॅस्टिकची पट्टी टेकवली आणि लिहिलं, एकोणीस.

"कुठून कुठवर धरलंत, ताई?"

"लाल आहे तेवढं."

"लाल म्हणजे रंग झाला. मापाला कड लागते. कड कुठंय?"

आत बसलेले डॉक्टर हसत बाहेर आले. "काका बरोबर बोलतात. लाली मोजायचीच नसते, टणक भाग मोजायचा." त्यांनी दोन्ही बाजूंनी बॉलपेन सरकवत आणलं आणि जिथं ते अडलं तिथं रेघा ओढल्या. काकांनी लगेच वर्नियर पुढे केलं. अकरा.

"जास्तच आहे," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी लस घेतली होती?"

काकांनी बाही वर केली. दंडावर एकाखाली एक, दोन वण. "एक तान्हेपणीचा. दुसरा शाळेतला. आमच्या गावी टोचायला आले होते, सगळ्यांना उभं केलं रांगेत."

"तान्हेपणीच्या लसीचा परिणाम या वयात सहसा उरत नाही. शाळेतल्या लसीचा उरू शकतो. किंवा जंतू कधीतरी शरीराला भेटून गेला असेल. आपल्याकडे पुष्कळांना भेटलेला असतो."

"मग या अकरातले लसीचे किती आणि जंतूचे किती?"

"ते या टेस्टला वेगळं करता येत नाही."

काकांनी हातावरच्या रेघांकडे पुन्हा पाहिलं. तीस वर्षांत त्यांच्यासमोर एवढं बेजबाबदार उपकरण आलं नव्हतं. "म्हणजे माप बरोबर, आणि त्याचा अर्थ अंदाजानं?"

"अंदाजानं नाही. सगळं मिळून बघायचं. तुमचा फोटो स्वच्छ आहे. खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही. तुम्हाला आजार नाही. पुढे काही त्रास झाला तर लगेच या. आता खुशाल कुठंही जा."

"कुठंही?"

"कुठंही."

काकांनी वर्नियर मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. मग फार हळू विचारलं, "अन् तान्हं बाळ असलं तर? मांडीवर घ्यायचं असलं तर?"

"घ्या की, काका. त्यात काय?"

"तसं लिहून द्या."

डॉक्टरांनी लिहून दिलं. काकांनी कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "राव, याच्यावर शिक्का मारून घेऊ का?" डॉक्टरांनी शिक्काही मारला. निळा होता, काकांनी चालवून घेतला.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी काका बसमध्ये चढले तेव्हा त्यांच्या शर्टाचा खिसा रिकामा होता. एवढ्या वर्षांत मी तो रिकामा पाहिला नव्हता.

"वर्नियर हरवलं?"

"घरीच ठेवून गेलो होतो. उचलून घेताना टोचलं असतं तिला." मग आज सकाळी ते का घेतलं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. "तिलाही लस दिलीये. डाव्या दंडावर. माझ्यासारखीच."

"वजन किती आहे?"

"विचारायचं राहिलं."

"लांबी?"

"नाही बघितली."

"मग आहे तरी केवढी?"

काकांनी दोन्ही तळहात समोर धरले, मध्ये थोडी जागा ठेवून. "एवढी," ते म्हणाले. "साधारण."

चाकणच्या चौकातल्या खड्ड्यांत बस आदळत होती, आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होतो. काकांच्या हातांमधलं अंतर तेवढंच राहिलं.