शोभेची आई

गाडीचे दार अरुंद होते आणि आईची चाकांची खुर्ची रुंद होती. या दोन्ही बाबींवर घरात कोणाचेही दुमत नव्हते. त्यामुळे आईला कुठे न्यायचे झाले की मुलाने काखेत हात घालायचे, सुनेने पाय धरायचे आणि शेजाऱ्यांनी खिडकीतून "सांभाळून, सांभाळून" असे मार्गदर्शन करायचे, अशी कामाची वाटणी ठरलेली होती.

"मला पोत्यासारखं उचलणं आता बंद," एके दिवशी आईने जाहीर केले. "ताईच्या दारात मी माझ्या चाकांवर उतरेन. नाहीतर येतच नाही."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि अंथरुणाला खिळली होती. दोघी रोज फोनवर बोलत. फोन ठेवल्यावर आई बराच वेळ त्या बंद फोनकडे बघत बसे.

उपाय सोपा होता. घरची जुनी व्हॅन बाजूने कापायची, खुर्ची जाईल एवढे दार करायचे आणि चढायला उताराची फळी लावायची. सोप्या उपायांना परवानगी लागते, म्हणून मुलगा वाहन तपासणी कार्यालयात गेला.

"पत्रा कापणार, तो कशासाठी?" साहेबांनी विचारले.

"आईची खुर्ची आत जावी म्हणून."

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे उपयोगासाठी?"

"हो."

"मग अवघड आहे."

साहेब माणूस भला होता. त्यांनी नियम समजावून सांगितला. गाडीत उपयोगी बदल केला की तो रचनेतला बदल ठरतो. रचना बदलली की मजबुती सिद्ध करावी लागते. मजबुती सिद्ध करायची तर गाडी भिंतीवर आदळून बघावी लागते.

"गाडी धड राहिली, तर परवानगी लगेच."

"आणि नाही राहिली तर?"

"तर परवानगीची गरजच उरत नाही. नियमांत सगळ्याचा विचार केलेला असतो हो."

खिडकीबाहेर एक जीप उभी होती. तिच्या बॉनेटमध्ये कवट्या कापल्या होत्या, दारांतून ज्वाळा निघत होत्या आणि टपाची पार चाळणी झाली होती. ही कशी काय चालते, असे मुलाने विचारले.

"ती सजावट," साहेब म्हणाले. "तिचा कोणाला काडीचा उपयोग नाही. निरुपयोगी भोकाला आकाराची मर्यादा नाही." हे शेवटचे वाक्य त्यांनी अभिमानाने उच्चारले.

त्या जीपचा कर्ता करविता म्हणजे ठिणगीशेठ. त्याच्या वर्कशॉपमध्ये प्लाझ्मा कटर होता. जो पत्रा करवतीशी दिवसभर भांडतो, त्यातून ते यंत्र कर्रकन निळी रेघ ओढून मोकळे होते. अशा यंत्राने जगात काय काय करता आले असते, हा प्रश्न ठिणगीशेठला कधी पडला नव्हता. त्याच्याकडे कवट्यांची ऑर्डर फुल्ल होती.

"चौकोनी दार?" त्याने हातातला कटर खाली ठेवला. "दादा, या हाताने वाघ कापलेत, गरुड कापलेत. चौकोन कापला तर धंद्यात तोंड कुठे दाखवू?"

"चौकोन नकोच. मला सजावट हवीय. फक्त तिच्यातून खुर्ची जायला हवी."

यावर गंभीर विचारविनिमय झाला. गरुड कमरेत अरुंद पडत होता. वाघ उंचीला कमी पडत होता. शेवटी हत्तीवर एकमत झाले. मात्र उभा नको, कारण चार पायांमधला पत्रा चाकांना अडला असता. ठरला तो समोर तोंड करून, कान पसरून, ऐसपैस बसलेला हत्ती.

ठिणगीशेठने बॅटरीची वायर सोडली, आतले अस्तर काढले, काळी काच डोळ्यांवर ओढली. ठिणग्यांचा सडा पडला आणि बघता बघता व्हॅनमधून हत्ती धाडकन बाहेर आला. त्याने कडा घासल्या, आतून पाइपांची चौकट जोडली, आणि चौकट उपयोगी दिसू नये म्हणून तिच्यावर कवट्या लावल्या. निघालेल्या हत्तीला मागून पाइप लावून तोच बिजागरीवर बसवला. खाली पाडला की हत्ती कपाळ जमिनीला टेकवी आणि त्याच्या पाठीवरून खुर्ची आरामात वर जाई.

"आता कसं!" आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी हत्तीचे कौतुक केले. त्या कौतुकाने आईला भरून आले आणि तिने, कोणी थांबवायच्या आत, साहेबांसमोरच हत्तीवरून सरसर आत जाऊन दाखवले.

साहेब गंभीर झाले. "तुमच्या मातोश्री सजावटीतून आत गेल्या. म्हणजे सजावटीचा उपयोग झाला."

मुलाने कपाळाला हात लावला. पण साहेब माणूस खरोखरच भला होता. पेन चावत त्यांनी मार्ग शोधला.

"सजावटीतून माणूस गेला, तर ते दार. पण सजावटीत शोभेची वस्तू ठेवली, तर ती सजावटच." त्यांनी वाकून आत पाहिले. "आजी, राग मानू नका, नियमाचा प्रश्न आहे. तुमचा कोणाला काही उपयोग आहे का?"

आईने मुलाकडे पाहिले. मुलाने हत्तीकडे पाहिले.

"नाही हो," आई म्हणाली. "नातवंडं मोठी झाल्यापासून तर अजिबात नाही."

"छान! मग काहीच अडचण नाही." आणि कागदावर 'शोभेची वस्तू : एक, बसलेली' असे लिहून त्यांनी शिक्का मारला. मुलाला लाज वाटली. परवानगी मात्र त्याने व्यवस्थित घडी घालून खिशात ठेवली.

मग ते मावशीकडे निघाले. रस्त्यात लोक माना वळवून बघत होते. मावशीच्या इमारतीसमोर दोन्ही बाजूंना गाड्या खेटून लावलेल्या होत्या. चाकांच्या खुर्चीचे चित्र रंगवलेली एकच जागा राखीव होती, आणि तिच्यात एक गाडी उभी होती. आत कोणी नव्हते. चारही दिवे लुकलुकत होते, म्हणजे मालक दोनच मिनिटांत येणार होता.

मुलाने व्हॅन रस्त्यातच थांबवली. हत्तीला कपाळ टेकवायला जागा नव्हती. मागून हॉर्न सुरू झाले, पुढून फोन घेतलेली माणसे जमली.

"आजी, जरा इकडे बघा! हत्तीशेजारी तोंड आणा!"

"काय ही व्यवस्था आपल्याकडची," कोणीतरी फोटो काढता काढता हळहळले.

वरच्या खिडकीशी मावशीची खाट सरकवलेली होती. तिथून एक बारीक हात हलत होता. आई बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग मुलाकडे वळली.

"उचल," ती म्हणाली.

मुलाने काखेत हात घातले, सुनेने पाय धरले आणि जुन्या अरुंद दारातून आईला बाहेर काढले. "सांभाळून, सांभाळून," गर्दीने मार्गदर्शन केले.

ती गाडी कोणाची होती, हे इथे लिहिण्याचे कारण नाही. तुमचे खरोखरच दोन मिनिटांचे काम होते, आणि दिवेही तुम्ही आठवणीने लावून गेला होतात.