कमानीखालची बोली

आमच्या टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात पुण्या-मुंबईहून नवीन माणूस रुजू झालं, की पहिल्याच शनिवारी ढवळेकाका त्याला विटा दाखवायला न्यायचे. बाकीचे लोक नव्या माणसाला फुजी दाखवतात, देवळं दाखवतात, उंच मनोऱ्यावर चढवतात. ढवळेकाका त्याला युराकुचो स्टेशनातून बाहेर काढायचे आणि डोक्यावरून आगगाडी जाते त्या पुलाखाली नेऊन उभं करायचे. वर बघायला लागलात तर दंडाला धरून भिंतीकडे वळवायचे. "गाडी काय, कराडलाही बघशील. हात लाव. वीट बघ."

मीही हात लावलेला आहे. सहा वर्षांपूर्वी, ऐन जानेवारीत, हातमोजा काढून. नवऱ्याच्या नोकरीपायी मी हिगाशी-कसाईला राहायला आले, वर्षभर घरी बसून जपानी शिकले आणि मग ह्या ऑफिसात चिकटले. पहिल्या शनिवारी "चल, तुला टोकियो दाखवतो" म्हणाले तेव्हा मला वाटलं, निदान जेवायला तरी नेतील. दोन तास आम्ही शिम्बाशीच्या दिशेनं एकेक कमान बघत चाललो, आणि शेवटी त्यांनी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, मला भाताचा एक गार गोळा घेऊन दिला. वर विचारलं, "पोट भरलं ना?"

इतिहास मात्र त्यांच्याच तोंडून ऐकावा. पूर्वी योकोहामाकडून येणारी गाडी शिम्बाशीला थांबायची आणि उत्तरेकडून येणारी उएनोला. मधलं सगळं शहर लोकांनी आपापल्या जिवावर पार करायचं. ही दोन टोकं जोडायची तर रूळ भर वस्तीतून न्यायला हवेत, आणि रस्त्यावरून नेले तर जागोजागी फाटकं पडणार. "मग काय केलं? उचलली गाडी!" इथे ढवळेकाका दोन्ही हातांनी खरोखरच गाडी उचलतात आणि फुटपाथवरचे लोक बाजूला होतात. बर्लिनमध्ये अशी कमानींवरून जाणारी रेल्वे होती, म्हणून जर्मन इंजिनिअर बोलावले. पण इथली जमीन म्हणजे समुद्र बुजवून केलेली, सगळा चिखल. त्या चिखलात पाइनच्या झाडांचे ओंडके ठोकले, शेजारी शेजारी, आणि त्यांच्यावर विटांच्या कमानी चढवल्या. पुढे मोठा भूकंप झाला, शहर पडलं, जळलं, पण कमानी जागच्या हलल्या नाहीत.

"किती ओंडके असतील हो, काका?" मी विचारलं होतं.

"मोजणारे गेले. ओंडके आहेत."

"पण लाकूड कुजत नाही?"

"पाण्याखाली आहे तोवर नाही. पाणी काढून घेतलंस, की कुजलं." एवढं बोलून ते पुढच्या कमानीकडे निघाले. आकडे विचारलेले त्यांना आवडत नाहीत.

मुळात हा माणूस जपानला आला तोच चुकून. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जपानी गिऱ्हाईक आणि पुण्यातली टीम ह्यांच्यामध्ये जो निरोप्या असतो, त्याला 'ब्रिज इंजिनिअर' म्हणतात. ढवळेकाका तेव्हा कराडच्या बाजूला खरेखुरे पूल बांधत होते. पेपरात जाहिरात आली, 'ब्रिज इंजिनिअर पाहिजे, टोकियो'. हे कृष्णेवरच्या दोन पुलांचे फोटो आणि सिमेंटचा एक ठोकळा घेऊन मुलाखतीला हजर! समोरच्या जपानी साहेबाला हसू आवरेना. साहेबानं विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?" हे म्हणाले, "येईल." साहेबानं ठेवून घेतलं. ही हकिगत ते स्वतःच सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्यानं अर्धी सोडून द्यावी. पण तो ठोकळा त्यांच्या घरी टेबलावर अजून आहे आणि त्यावर ते चष्मा ठेवतात.

लग्नाचं राहूनच गेलं, असं ते सांगतात. एखाद्यानं छत्री घरी राहिली म्हणून सांगावं तसं.

आता त्यांच्या जपानीबद्दल. जपानीत बायकांची, त्यातून जुन्या टोकियोतल्या म्हाताऱ्या बायकांची, बोलायची एक खास तऱ्हा आहे. वाक्य सुरू करताना 'आरा', संपवताना 'वा' नाहीतर 'नो'. पुरुष तसं बोलत नाहीत. आणि आमचे ढवळेकाका, सहा फूट उंच, झुपकेदार मिशा, आवाज तालमीतला, हीच बोली अस्खलित बोलायचे. मराठीत सांगायचं तर भर मीटिंगमध्ये एखादा मिशाळ गडी म्हणाला, "अगंबाई, सर्व्हर पडला की गं! थांबा हं, मी बघते," तर कसं होईल? तसं व्हायचं. जपानी मंडळी सभ्य. कुणी हसायचं नाही. दवारे-सान बोलायला लागले की सगळे एकदम माना खाली घालून वहीत काहीतरी लिहायला लागायचे. ढवळेमधला 'ळ' काही त्यांच्या जिभेला झेपत नाही, म्हणून 'दवारे'.

कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? मीही सहा वर्षं गप्प बसले.

ह्या वर्षी मात्र बोलायची वेळ आली. मार्च अखेरीला ते निवृत्त होणार होते. त्यांना निरोप समारंभाची चिंता नव्हती, कराडला परतायचं की नाही ह्याचीही नव्हती. "नवीन माणूस आता मला कोण देणार?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. "कमानी दाखवायच्या कुणाला?" शेवटी त्यांनीच वाट काढली. शहरातल्या जुन्या जागा लोकांना चालत चालत दाखवणारं एक हौशी मंडळ आहे, तिथे वाटाड्या म्हणून अर्ज केला. मंडळानं कळवलं, मे महिन्यात एक फेरी आमच्यासमोर करून दाखवा, शुद्ध आणि अदबीच्या जपानीत, मग ठरवू.

"शुद्ध म्हणजे काय ते तू ऐक," ते मला म्हणाले. म्हणजे घंटा माझ्याच हातात आली.

दुपारी डबा खाताना मी धीर केला. "काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग की."

"तुमचं जपानी जरा... बायकी आहे."

त्यांनी पोळीचा घास केला. "म्हाताऱ्या बाईचं आहे," म्हणाले. "सांगायचं तर नीट सांगावं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पंधरा वर्षं झाली."

मग डबा बाजूला सारून त्यांनी सांगितलं. आले तेव्हा त्यांना जपानीचा एक शब्द कळत नव्हता. सहकाऱ्यांच्या बोलण्यात एकदा 'गाडो-शिता' ऐकलं. शिता म्हणजे खाली, हे क्लासात झालं होतं. आणि गाडो? "अगं, गर्डर! आमच्या साइटवरचे मजूर गडर म्हणायचे, हे गाडो म्हणतात. सगळ्या टोकियोत मला ओळखीचा तेवढा एकच शब्द. म्हटलं, गर्डरच्या खाली काय आहे ते बघू." रेल्वेच्या पुलाखाली कमानींतून खानावळी होत्या. एकीत शिरले. कोंबडीचे तुकडे काडीला लावून भाजणारी, सात-आठ माणसं बसतील एवढी जागा. चालवणारी सत्तरीची बाई. हे माळकरी घरातले, कोंबडीला हात लावणार नाहीत. बाईंनी काडीला सिमला मिरची आणि कांदा लावून भाजला. दुसऱ्या दिवशीही तेच. महिन्याभरात बाईंनी त्यांचं नाव 'पीमान-सान' ठेवलं, म्हणजे सिमला मिरचीराव. गिऱ्हाईक नसलं की त्या बोलत राहायच्या आणि हे ऐकत राहायचे. कमानींचा इतिहासही निम्मा त्यांनीच सांगितलेला; त्यांचे वडील तिथेच गोदामात हमाली करायचे.

"क्लासातल्या बाई म्हणाल्या, दवारे-सान, असं बोलू नका, लोक हसतील. मी आठ दिवस पुस्तकातलं बोललो. तर खानावळीतल्या आजी म्हणाल्या, आज परक्यासारखा का बोलतोयस? काही चुकलं का माझं?" ढवळेकाकांनी डब्याचं झाकण लावलं. "मग सोडलं पुस्तक."

"अजून आहेत आजी?"

"चार वर्षं झाली जाऊन. मूलबाळ नव्हतं. दुकान उठलं. आता त्यांच्यासारखं बोलणारं मीच."

मला फार वाईट वाटलं. सहा वर्षं मीही माना खाली घालणाऱ्यांतलीच होते, ह्याची लाजही वाटली. मी म्हटलं, "मग राहू दे, काका. तसंच बोला."

"छे! नियम तो नियम. वाटाड्याचं बोलणं सगळ्यांना नीट कळलं पाहिजे. शिकव."

मी शिकवलं. दोन महिने, दर शनिवारी, आमच्या हिगाशी-कसाईच्या घरी चहा घेत घेत. तोंडात 'वा' आला की मी चमचा बशीवर वाजवायचे. सुरुवातीला बशीला उसंत नव्हती. काकांचं वय, त्यात एवढ्या वर्षांची सवय, पण माणूस जिद्दीचा. एप्रिलच्या शेवटाला सबंध तासात चमचा दोनदाच वाजला. त्याआधीच, निवृत्तीच्या आठवड्यात, ते ऑफिसातही तसंच बोलायला लागले होते. कुणी वहीत लिहायला गेलं नाही. दारावर बसणाऱ्या मोरी-सान मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दवारे-सानची तब्येत बरी नाही का? आवाज वेगळाच येतो."

परीक्षा रविवारी सकाळी झाली. मंडळाचे दोन परीक्षक आणि टोप्या घातलेले बाराएक निवृत्त जपानी लोक. मी मागे राहून ऐकत होते. ढवळेकाका बातम्या सांगाव्यात तसं बोलले. जर्मन इंजिनिअर, चिखल, ओंडके, भूकंप, एकही वाक्य घसरलं नाही. गाडीही त्यांनी बेतानंच उचलली. आजींच्या कमानीत आता कॉफीचं दुकान आहे. तिथे आल्यावर म्हणाले, "युद्धानंतर ह्या कमानींत खाण्याची दुकानं निघाली. कृपया पुढे चलावं." आणि खरंच पुढे चालायला लागले.

शिम्बाशीला पोहोचल्यावर परीक्षकांनी वाकून त्यांना मंडळाची हिरवी दंडपट्टी दिली. टाळ्या झाल्या. दोन बायकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. सगळे पांगल्यावर मी म्हटलं, "काका, पेढे!" ते मागे वळले. आलो त्याच वाटेनं परत चालायला लागले, मीही निघाले. कॉफीच्या दुकानाशी येऊन थांबले.

"गेल्या आठवड्यात घरी एकटाच बोलून बघितलं," ते म्हणाले. "आजींसारखं. येईना गं."

"म्हणजे?"

"शब्द येतात. सूर येत नाही. सगळं आजच्यासारखंच निघतं, छापील." पुलाला गेलेली चीर दाखवावी तितक्या शांतपणे त्यांनी हे सांगितलं. पण हातातली दंडपट्टी ते दुमडत होते आणि उलगडत होते.

वरून गाडी गेली. चमचा वाजवणारी मीच होते. आजींना मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं माझ्याकडे जे काही होतं, ते ह्या माणसाच्या सहा वर्षांच्या बोलण्यातून आलेलं. सकाळी मला उशीर झाला की ते टेबलावरून मान वर न करता एक वाक्य म्हणायचे. तेच मी म्हटलं, जमेल तितकं त्यांच्यासारखं.

"आरा, ओसोकात्ता वा ने." अगंबाई, उशीर केलास की गं.

ढवळेकाकांनी वळून माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठी पडली.

"चूक," म्हणाले. "'वा' एवढा लांबवायचा नाही. आजी तो तोडायची. आणि 'ने' म्हणताना आवाज खाली. भाजता भाजता बोलायची ना, मान निखाऱ्याकडे असायची."

"कसं?"

त्यांनी मान थोडी खाली घातली आणि ते वाक्य म्हणून दाखवलं. मग, मी न विचारताच, पुन्हा एकदा म्हणाले.