चार मुळे आणि एक फुली

जपानमध्ये बेकारी भत्त्याच्या अर्जावर चार आठवड्यांचं कॅलेंडर छापलेलं असतं. काम केलं त्या दिवशी गोल काढायचा, थोडीफार मदत केली तर फुली मारायची. बेकाराचं कॅलेंडर कोरं असावं, अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. खोक्यांचा कारखाना बंद पडून घरी बसलेल्या तोकुजीने मात्र एक फुली मारली होती. त्याला खोटं पचत नसे.

"ही कशाची?" रोजगार कार्यालयातल्या हिरानुमाबाईंनी विचारलं.

"शेजारच्या शिगेनोआजींचे मुळे उपटून दिले. दोन तास."

"मोबदला?"

"चार मुळे."

बाईंनी तसं लिहून घेतलं. "त्यांचं काय केलंत?"

"बायकोने लोणचं घातलं. निम्मं आजींना दिलं. घेतल्यावर काहीतरी द्यायला नको का? मग आजींनी टोपलीभर संत्री दिली, त्यांचा बायकोने मुरांबा केला, त्यातला..."

"थांबा." बाईंनी पेन खाली ठेवलं. "माल येतो, त्यावर प्रक्रिया होते, माल बाहेर जातो. याला धंदा म्हणतात. धंदेवाल्याला भत्ता नसतो."

तोकुजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्रेपन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी मिळेपर्यंत घर या भत्त्यावरच चालणार होतं.

"पुढचं कॅलेंडर कोरं आणा, मग बघू," म्हणत बाईंनी अर्ज बाजूला ठेवला.

तो तडक आजींकडे गेला. "आजी, आता काही देऊ नका, काही काम सांगूही नका. भत्ता अडकलाय."

"माझ्या मुळ्यांपायी तुझ्या पोटावर पाय आला होय?" आजी हळहळल्या. माफी मागायला हात हलवत जायचं नसतं, हे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कुणी शिकवायला नको. दुसऱ्या दिवशी त्या बसने कार्यालयात गेल्या, हिरानुमाबाईंपुढे कमरेत वाकल्या, खिडकीत चार मुळे ठेवले आणि बाई नको नको म्हणेपर्यंत परतीच्या बसमध्ये बसल्यासुद्धा.

सरकारी माणसाला भेट घेता येत नाही आणि अन्न टाकवत नाही. शनिवारी बाई स्वतःच मुळे परत करायला आल्या.

"बरं झालं आलीस, पोरी," आजी म्हणाल्या. "रात्री हिम पडणार म्हणतात. त्याआधी एवढ्या दोन ओळी निघायला हव्यात. तोकुजी हात लावत नाही. भत्ता जातो म्हणे."

कुंपणापलीकडे तोकुजी हात मागे बांधून, रडवेल्या तोंडाने उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आजींच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं आणि कोटाच्या बाह्या वर सारल्या. दहा मिनिटांनी तोकुजीलाही राहवेना. तो कुंपण ओलांडून आला. चार मुळे परत करायला आलेल्या बाई संध्याकाळी आठ घेऊन गेल्या.

पुढच्या वेळी तोकुजीने अर्ज पुढे सरकवला तेव्हा त्या शनिवारावर फुली होती. "भत्ता गेला तरी चालेल, पण लिहावं लागतं," तो पुटपुटला.

बाईंनी फुलीवर पेन टेकवलं. "हे काम नव्हे, शेजारधर्म आहे," म्हणून त्यांनी ती खोडली आणि दोन्ही अर्जांवर शिक्के मारले. मग मागे साहेब नाहीत हे पाहून त्या खिडकीतून वाकल्या.

"आजींना मी एक केक पाठवला होता. काल तांदळाचं पोतं आलंय. तुमच्या मिसेसना जरा विचाराल, आता काय द्यायचं असतं?"