दिघेकाकांचं डालाट

दिघेकाकांच्या बेसमेंटमध्ये बसायचं तर आधी सीटबेल्ट बांधावा लागायचा. खरा नव्हे, नुसता हात कमरेवरून आडवा न्यायचा. पण तेवढं प्रत्येकाने केल्याशिवाय काकांची गाडी सुटायची नाही.

हा त्यांचा शनिवार दुपारचा कार्यक्रम. व्हिएतनाममधल्या डालाट नावाच्या थंड हवेच्या ठिकाणची एक दिवसाची सहल, गाईडसकट. खुर्च्या मिनीव्हॅनसारख्या दोन-दोनच्या रांगेत, टीव्हीवर सीडीतले फोटो, आणि पुढे पाठ खाजवायची काठी उंच धरून उभे आमचे शेजारी, निवृत्त इंजिनियर दिघेकाका. "वॉशरूमला आत्ताच जाऊन या, पुढे घाट आहे," असं ते बजावायचे. मग ह्युमिडिफायर फुल करायचे. "धुकं येऊ दे जरा."

कॅनडातल्या आमच्या मार्कहॅमच्या हिवाळ्यात शनिवारी दुपारी दुसरं करायचं तरी काय? ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून झाला, ग्रोसरी आणून टाकली, की मी आणि माझा नवरा मंदार शेजारी जायचो. शैलाकाकू होत्या तेव्हा त्यांच्या हातच्या चहासाठी जात होतो. त्या गेल्यावर काका एकटे पडू नयेत म्हणून जाऊ लागलो. बाकीच्या मंडळींनी एकेक करून कारणं काढली. आम्हाला मात्र त्या सहलीची चटक लागली होती.

"डावीकडे पाइन. त्याच्या मागे स्ट्रॉबेरीचे मळे. महाबळेश्वर आठवलं ना? आठवणारच." मग कॉफीच्या बागेतली म्हातारी आणि तिच्या टाचांच्या भेगा. रेशमाच्या कारखान्यातलं आमसुली कापड, दोनदा हातात घेऊन परत ठेवलेलं. धबधब्यापाशी फोटो काढून घेणारी नवरी, पांढऱ्याशुभ्र झग्याखाली गमबूट. बेसमेंटची खिडकी अर्धी बर्फाखाली गेलेली असायची, आत निळसर उजेड आणि वाफ. माझे डोळे जड व्हायचे, आणि खरंच वाटायचं की आपण वळणावळणाने वर चाललोय, काचेवर धुकं आहे, आणि कुणालाही कुठे पोचायची घाई नाही.

सहलीच्या शेवटी डालाटच्या गाईड मुलीची ओटी भरली जायची. "नारळ कुठे मिळेना, मग ॲव्होकाडो घातला. तांदळाला तिथे काय तोटा!"

"आणि पदर?" मंदार दर वेळी विचारायचा.

"तिने टोपी पुढे केली."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. हेच काका आम्हाला नायगारा दाखवायला घेऊन गेले, तेव्हा धबधब्याकडे पाठ करून दिवसभर टर्बाइनवर बोलले होते. स्वतःच्या घरातल्या पडद्यांचा रंग त्यांना सांगता येत नसे. अशा माणसाला त्या म्हातारीच्या टाचा दिसल्या कशा? आणि डालाटच्या धबधब्यावर किती वीज होईल, हा विषय त्यांनी एकदाही कसा काढला नाही?

मग मंदारला लांबलचक सुट्टी मिळाली आणि आम्ही व्हिएतनामला जायचं ठरवलं. पहिली बातमी अर्थात काकांना दिली. "तुम्हीही चला काका. खरेखुरे गाईड व्हा आमचे."

काकांनी काठी खाली ठेवली आणि ते प्रवाशांच्या खुर्चीत बसले.

"मी गेलोच नव्हतो गं त्या दिवशी," ते म्हणाले. "शैला नको नको म्हणत असताना आदल्या दिवशी कोळंबी हाणली. सकाळी वॉशरूममधून हलता येईना. दोघांचीही ट्रिप कशाला बुडवायची, म्हणून तिला एकटीला पाठवलं. संध्याकाळी आली ती बोलतच. पलंगाच्या कडेला बसून सगळा दिवस मला सांगितला. एरवी मी बोलायचो आणि ती ऐकायची, तुम्ही बघितलंय. त्या दिवशी माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. म्हणून पहिल्यांदा नीट ऐकलं."

"मग आता जाऊन बघा ना," मंदार म्हणाला. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता.

"बघितलं की मला माझं दिसेल रे. ती नवरी थोडीच असणार तिथे? मग शैलाचं पुसलं जाईल. आणि मी तिचं ऐकलेलं असं तेवढंच आहे. तुम्ही जा, मजा करा. फक्त परत आलात की मला तिथलं काही सांगू नका."

मला रडू आलं. चहा टाकते म्हणून मी वर निघून गेले.

आम्ही व्हिएतनामला गेलो. समुद्रकाठच्या हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने एक रंगीत पत्रक पुढे केलं. उद्या सकाळी डालाटला व्हॅन जातेय, म्हणाली, दोनच जागा उरल्यात. मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी पत्रक परत दिलं आणि म्हटलं, डालाट आमचं बघून झालंय.

"हो? गाईड कोण होतं?" तिने हौसेने विचारलं.

"आमच्या शेजारच्या काकू," मंदार म्हणाला.