नानांचं जाडं मीठ

"तो मीठवाला म्हातारा आलाय. आणि सोबत ती, न बोलणारी."

पार्टिशनच्या पलीकडून हे इंग्रजीत ऐकू आलं, तेव्हा मी कॉफीच्या यंत्रापाशी कागदी पेला धरून उभी होते. बोलणारी ऑफिसातली टायपिस्ट होती आणि ऐकणाऱ्या आमच्या कॅलहनबाई. बॉस्टनच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर घरं दाखवायचा त्यांचा व्यवसाय. त्या हसल्या नाहीत. "मला आवडतात ते दोघं," एवढंच म्हणाल्या आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवत बाहेर आल्या. मला समोर बघून त्यांचे कान लाल झाले. मी काहीच ऐकलं नसल्यासारखा चेहरा केला. तो मला शाळेपासून चांगला जमतो.

मीठवाला म्हातारा म्हणजे माझे सासरे, नाना. न बोलणारी म्हणजे मी. तक्रारीला जागा नव्हती. दोन्ही वर्णनं बरोबर होती.

नाना बाहेर खुर्चीत ताठ बसले होते. अंगात टेरिकॉटचा बुशशर्ट, मांडीवर चिनी मातीची छोटी बरणी, बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेला आणि आत जाडं मीठ. नानांची सगळी नोकरी सरकारच्या मीठ खात्यात, उरणच्या मिठागरांवर गेली. इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, पण मीठ काही निवृत्त झालं नाही.

घर पाहायला गेलं की नाना दिवाणखान्याकडे ढुंकूनही बघत नसत. थेट स्वयंपाकघरात जायचे, खिडकी उघडायचे, पिशवीतून बशी काढायचे आणि मूठभर मीठ तिच्यात ओतून खिडकीत ठेवायचे. मग आम्ही घर बघायचं. पाऊण तासाने ते परत बशीपाशी येऊन चिमूटभर मीठ डाव्या कानाशी नेत आणि डोळे मिटून बोटांत चोळत. करकर वाजलं की कोरडं. गप्प राहिलं की त्याने ओल धरली, म्हणजे समुद्र घरात येतो. तसं घर नानांना हवं होतं.

"पण नाना, लोक ओल असलेलं घर टाळतात," माझा नवरा विवेक एकदा म्हणाला.

"लोकांचा प्रश्नच उद्भवत नाही," नाना म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. चहात साखर, डोक्याला टोपी, डॉक्टरांचा सल्ला, यांपैकी कशाचाच प्रश्न उद्भवत नसे.

"अरे, भिंती काय, कुठेही मिळतात. हवा बघायची असते. तुझ्या आईची चाळीस वर्षं एकच तक्रार होती ना? मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, काडी पेटत नाही."

"मग तेच घर परत कशाला शोधताय?"

यावर नानांनी बशी धुवायला घेतली.

माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आदल्या वर्षी गेल्या होत्या. नाना उरणला एकटे पडले. विवेकने फोनवर कितीदा विनवलं, पण ते हलायला तयार नव्हते. शेवटी तो म्हणाला, "समुद्राजवळ घर घेतो नाना, मग तर याल?" त्यावर ते एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आले. बरणी हातातल्या पिशवीत होती. विमानतळावर कस्टमच्या माणसाने तिच्यातले पांढरे खडे पाहिले आणि तासभर खोळंबा झाला.

"मग तुम्ही काय केलंत?" विवेकने विचारलं.

"काय करणार? खाऊन दाखवलं."

एवढ्यावर तो कस्टमवाला कसा काय ऐकला, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. त्या काळात मी कुणालाच काही विचारत नव्हते.

माझी शाळा मुंबईतलं कॉन्व्हेंट. तिथे मराठी शब्द तोंडातून गेला की बाकावर उभं करत. घरी मराठी बोलले की भावंडं, "आली मडमीण!" म्हणून खिदळत. दोन्हीकडे जपून बोलायची सवय लागली. लग्न होऊन अमेरिकेत आले तर दुकानात काही मागितलं की समोरचा, "पार्डन?" म्हणायचा. तीनदा पार्डन झालं की मी बोटाने दाखवायचे. वर्षभरात माझं बोट चांगलंच बोलायला लागलं.

आणि नेमका माझ्याच वाट्याला नानांचा दुभाषीपणा आला. विवेकचं ऑफिस शनिवारीही चालू, तो ट्रेनने जायचा, त्यामुळे गाडी मी चालवायची. नानांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "यांचं इंग्रजी माझ्या कानाला लागत नाही. मेधा, तू बोल."

"विचार त्यांना, भरती कुठवर येते?"

मी विचारलं. कॅलहनबाई हसून म्हणाल्या, तळघरात कधीही पाणी आलेलं नाही.

"तळघराचं कोण विचारतंय? भरतीचं विचार. आणि मोठ्याने. वाऱ्यात बोलतेस असं समज. मिठागरावर आम्ही या बांधावरून त्या बांधावर बोलायचो."

घरापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण प्रत्येक गावात नाना मला रस्त्यात थांबवत. "त्या बाईला विचार, लायब्ररी सोमवारी उघडी असते का." "पोस्टातल्या माणसाला विचार, बस किती वेळाने येते." "त्या पाववाल्या मुलीचं नाव काय, विचार."

"नाना, तिचं नाव तुम्हाला कशाला हवंय?"

"माहिती असावी."

मी घाम पुसत विचारत असे. पार्डन येत असे. नाना शेजारी आकाशाकडे बघत उभे राहत.

एका गावात किनाऱ्याच्या तोंडाशी लाकडी टपरी होती आणि तिच्यात एक पहारेकरी बसला होता. किनारा फक्त पास असलेल्या रहिवाशांसाठी होता. बाकीच्यांना मनाई. हे मी सांगितल्यावर नाना भडकले. "समुद्राला पास? विचार त्याला, रोज दोनदा भरती येते तिचा पास तपासतो का? आणि मासे कुठले रहिवासी, तेही विचार!"

मी पहारेकऱ्याला म्हणाले, "थँक यू."

नाना बराच वेळ माझ्याकडे निरखून बघत राहिले. मग म्हणाले, "फारच थोडक्यात भाषांतर केलंस."

असा शहाऐंशी सालचा तो उन्हाळा. आमचं काहीच एका जागी नव्हतं. अपार्टमेंटमध्ये निम्मं सामान खोक्यांत होतं. "आता हलायचंच आहे, कशाला काढायचं?" असं म्हणत आम्ही कुकरसुद्धा दर वेळी खोक्यातून काढून परत खोक्यात ठेवत होतो. भिंतीवर खिळा नाही, खिडकीला पडदा नाही. शनिवार आला की नकाशा मांडीवर घेऊन निघायचं. क्विन्सी झालं, कोहॅसेट झालं, मार्शफील्ड दोनदा झालं. एका घरात एअर कंडिशनर होता. "हे शीतगृह आहे, इथे बटाटे ठेवा," नाना म्हणाले. दुसऱ्या घरातल्या खिडक्या रंगाने अशा चिकटल्या होत्या की नाना आणि कॅलहनबाई दोघांनी मिळून जोर लावला तरी हलल्या नाहीत. सिचुइटला गेलो त्या दिवशी इतकं धुकं होतं, की माझ्या वेणीचं टोक ठिबकत होतं. नानांनी मीठ कानाशी नेलं. "कोरडं," म्हणाले. मला नवल वाटलं. पण मिठातलं मला काय कळणार?

प्रत्येक घरातून निघताना नाना गाडीत विचारत, "तुला कसं वाटलं?"

"तुम्हाला आवडेल ते," मी म्हणायचे. हे माझं आवडतं वाक्य.

ऑगस्टच्या सुरुवातीला विवेकचा धीर सुटला. अपार्टमेंटचं लीज महिनाअखेर संपत होतं आणि त्याच्या ऑफिसातल्या एकाने नॅटिकला, हायवेलगतच्या टाउनहाऊसेसमध्ये एक जागा रिकामी असल्याचं सांगितलं होतं. समुद्र तिथून तासाभरावर.

"यार, चौदा घरं बघितली नाना! आता हा शेवटचा शनिवार. नाहीतर सोमवारी मी नॅटिकला साइन करतो. मेधा, तुला चालेल ना?"

मी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे त्याने पाहिलं नाही. मलाही नक्की सांगता आलं नसतं. नॅटिक मी पाहिलं होतं. एकसारख्या दारांची लांबच लांब रांग, फुटपाथ नाही, गाडी विवेक घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत कुठे जाता येणार नाही. नाना गेल्यावर तिथे मी आणि रेफ्रिजरेटरची घरघर.

शेवटच्या शनिवारी कॅलहनबाईंनी आम्हाला हल नावाच्या गावी नेलं. हल म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. इकडे पाणी, तिकडे पाणी. घर छोटं, लाकडी, रंगाचे पोपडे सुटलेले. मागच्या बाजूला जाळीच्या दाराचा व्हरांडा, खालच्या मजल्यावर पाण्याकडे तोंड करून एक खोली. कोपऱ्यावर पोस्ट, त्याच्या पुढे लायब्ररी. ती सोमवारी उघडी असते. मी विचारलं होतं, आणि तिथल्या बाई एकाच पार्डनमध्ये समजल्या होत्या. वरच्या खोलीच्या खिडकीत मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. खाली आले तेव्हा नानांचं मीठ चोळून झालं होतं.

"कोरडं," ते म्हणाले. "चला. दादरा गाडीत राहिला वाटतं, जरा बघतेस?"

गाडीत दादरा नव्हता. सीटखाली बघितलं, डिकीत बघितलं. शेवटी मागच्या अंगाने परत आले आणि जाळीच्या दाराशी थबकले. आतून एक अनोळखी आवाज येत होता. खणखणीत, सरकारी पत्रासारखं इंग्रजी.

"मॅडम, आय बेग टू सबमिट," तो आवाज म्हणत होता, "द गर्ल हॅज नॉट स्पोकन."

आत नाना आणि कॅलहनबाई यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

"पण या बशीत तर पाणी सुटलंय," कॅलहनबाई म्हणाल्या. "तुम्हाला असंच हवं होतं ना?"

"सिचुइटलाही सुटलं होतं, मॅडम. त्याआधी आणखी दोन घरांत."

"मग?"

"मुलाने घर कबूल केलं ते मला विमानात बसवण्यासाठी. मी ते धरून बसलेलो नाही. मी सप्टेंबरात परत जाणार. या घरात राहणार ती, दिवसभर, एकटी. चौदा घरं झाली, एकालाही ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मीठ गप्प झालं की मला कळतं, त्याने समुद्र आत घेतलाय. ही गप्प राहून काय आत घेते, ते मला कळत नाही. माझी बायको चाळीस वर्षं ओलीबद्दल कटकट करायची. भांडायची माझ्याशी. घरात बोलणारं माणूस होतं, मॅडम." मग परत इन्स्पेक्टरच्या आवाजात म्हणाले, "तेव्हा, ही बोलेपर्यंत मीठ कोरडंच राहील."

कॅलहनबाईंनी हळूच विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला इथली कुठली खोली आवडली असती?"

"मला कुणी राहा म्हटलेलं नाही," नाना म्हणाले. "द क्वेश्चन डझ नॉट अराइज."

मी आठवून पाहिलं. खरंच म्हटलं नव्हतं. विवेकला वाटत असणार, नानांना इथे करमणार नाही. मला वाटत होतं, विवेकने विचारलं असेल. चार महिने रोज सकाळी त्यांनी माझ्यासाठी चहा करून ठेवला होता. मी दर वेळी "थँक यू" म्हटलं होतं. फारच थोडक्यात.

जाळीचं दार करकरलं. नानांनी दचकून बघितलं आणि लगेच मराठीत आले. "काय गं, मिळाला का दादरा?"

दादरा त्यांच्याच बुशशर्टच्या खिशातून डोकावत होता. मी खिडकीपाशी गेले. बशीतून चिमूट उचलली, डाव्या कानाशी नेली आणि त्यांच्यासारखे डोळे मिटून चोळली. काही वाजलं नाही. नुसतं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"हवा बदलली असेल आत्ता," नाना घाईघाईने म्हणाले. "इथली हवा फार..."

"नाना, मीठ ओलं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला, या बांधावरून त्या बांधावर जावा तसा. "सिचुइटलाही ओलं होतं. मला हे घर हवंय. विवेकला आज मी सांगणार आहे. वरची खोली आमची, खालची पाण्याकडची तुमची. आणि सप्टेंबरात परत जायचा प्रश्नच उद्भवत नाही."