नियम नंबर सात

“पुट म्हणजे ठेवणे. पुट ऑन म्हणजे अंगावर घालणे. पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणे. पुट आउट म्हणजे विझवणे...” सुवर्णा भाकरी थापता थापता घोकत होती.

“अगं, ठेवण्यातून विझवणं कुठून निघालं?” रंगनाथने ताटावरून मान वर केली. “एकच बैल अन् सात गाड्यांना जुंपलाय. ही काय भाषा झाली?”

“आपल्याकडं नाय का? भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, माणूस कामाला लागतो. तेव्हा विचारता का कुठून निघालं? जेवा गुमान.”

रंगनाथ गुमान जेवला. त्याला तसंही उद्याचं टेन्शन होतं. आडगावात त्याची सहा एकर द्राक्षबाग, मळ्यातच द्राक्षं खोक्यांत भरायचं छोटं पॅकहाऊस. उद्या हॉलंडच्या बाई तपासणीला येणार होत्या. त्यांनी पास केलं तर कंटेनर युरोपला, नाहीतर सगळा माल पडेल भावात इथल्याच बाजारात. गेल्या वर्षी हेच झालं होतं. भिंतीवर इंग्रजी पाट्या लावल्या होत्या, हात धुवा, बांगड्या काढा, सगळं होतं. पण बाईंनी शेरा मारला, ‘पाट्या आहेत, पाळत कोणी नाही.’ त्या एका ओळीने रंगनाथचं वर्ष बुडवलं.

म्हणून यंदा त्याने पॅकहाऊसमधल्या बावीस बायकांना उभं करून दम भरला होता. “भिंतीवर जे असंल ते झालंच पाहिजे. का, कशाला, काय पण विचारायचं नाय. वाचता येत नसंल तर गोटीमामाला विचारा, पण मला विचारायला यायचं नाय!”

गोटीमामा म्हणजे गोटीराम, पॅकहाऊसचा वॉचमन. जुना मॅट्रिक. त्याच्याकडे डिक्शनरी होती, आणि गेली वीस वर्षं तिला कोणी विचारलं नव्हतं. आता रोज विचारत होते, त्यामुळे त्याची छाती दोन इंच वाढली होती.

सुवर्णा मात्र हा दम भरला तेव्हा क्लासला होती. गेल्या वर्षी बाई काय बोलल्या आणि मधल्या ललितने आपल्या वतीने त्यांना काय सांगितलं, यातलं काहीच तिला कळलं नव्हतं. ललित हा एक्स्पोर्ट कंपनीचा माणूस. ती गोष्ट तिच्या मनाला फार लागली होती. म्हणून ती पंचवटीत छायाताईंच्या इंग्लिश क्लासला जायला लागली. छायाताईंची पद्धत अशी, की एका आठवड्याला एकच क्रियापद, त्याची सात वाक्यं करायची आणि दिवसभर जिथे नजर जाते तिथे चिकटवायची. सुवर्णाची नजर दिवसभर पॅकहाऊसच्या भिंतीवर. तिथे पाण्याचे शिंतोडे उडतात म्हणून तिने वाक्यं लॅमिनेट करून आणली. त्याच झेरॉक्सवाल्याकडून, जिथून रंगनाथने नियम करून आणले होते. तसाच निळा कागद, तसेच मोठे आकडे. संध्याकाळी बायका गेल्यावर तिने एक ते सात ओळीने चिकटवले. सकाळी क्लासची परीक्षा होती, तेव्हा ती उठली आणि स्कूटी काढून गेली.

आणि रंगनाथ बाईंना आणायला हायवेच्या फाट्यावर गेला.

दहा वाजता गाडी मळ्यात शिरली. पुढे ललित, मागे हॉलंडच्या बाई, उंच, हातात फायलींचं पॅड. रंगनाथने अदबीने पॅकहाऊसचं दार लोटलं आणि तो उंबऱ्यातच थबकला.

आत अंधार. सगळ्या ट्यूब बंद. दारातून येईल तेवढ्या उजेडात बावीस बायका ओळीने उभ्या, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, आणि बावीस हात वर. क्रेट जमिनीवर. कात्री एकीच्याही हातात नाही.

“लताबाई!” रंगनाथ हळू आवाजात किंचाळला. लताबाई ही सगळ्यांची मुकादम. “हे काय चाललंय?”

“नंबर चार,” लताबाई हात खाली न घेता म्हणाली.

“कसला नंबर चार?”

“आता बघा! तुम्हीच म्हणले विचारायचं नाय, अन् तुम्हीच विचारता. गोटीमामा, सांगा बाई यांना.”

गोटीराम डिक्शनरी घेऊन पुढे आला. “एक, टोपी घाला. घातली. दोन, कात्री जागेवर ठेवून द्या. दिली. तीन, दिवा विझवा. विझवला. चार, हात वर करा. पाच, खोका खाली ठेवा. सहा, आजचं काम उद्यावर ढकला.”

“अन् तुम्ही ढकललं?”

“भाऊ, यंदा तुम्ही टिकली काढायला लावली, आम्ही काढली,” लताबाई म्हणाली. “बांगड्या काढल्या. जुन्या बायकांनी जोडवी काढली. तेव्हा कुणी कारण सांगितलं होतं? मग हात वर करण्यात काय मोठं? फक्त लवकर आटपा, लय भरून आलाय.”

रंगनाथला काहीच उमजेना. या पाट्या त्याने लावल्या नव्हत्या. म्हणजे ललितने लावल्या असणार. त्याने ललितकडे पाहिलं. ललितला वाटलं, मुंबई ऑफिसने परस्पर नवे नियम पाठवले आणि आपल्यालाच कळवलं नाही. तेव्हा त्याने रंगनाथकडे बघून जाणत्यासारखी मान हलवली. रंगनाथनेही हलवली. दोघांना धड काही माहीत नाही, आणि बाईंसमोर तसं म्हणायची सोय नाही. ललितने घसा साफ करून बाईंना काहीतरी सांगितलं. त्यात ‘सेफ्टी’ हा शब्द तीनदा आला.

बाई पाट्यांसमोर उभ्या राहिल्या. पहिली वाचली, टोप्यांकडे पाहिलं, पॅडवर खूण केली. दुसरी वाचली, कात्र्यांचा डबा पाहिला, खूण केली. अशा सहा खुणा झाल्या. सातव्या पाटीपाशी बाई थांबल्या. परत वाचली. मग ललितला काहीतरी विचारलं. ललितने ती पाटी वाचली आणि कानापर्यंत लाल झाला.

“काय झालं? काय लिहिलंय?” रंगनाथने विचारलं.

“ते... तुम्ही नंतर बघा.”

गेलं यंदाचं पण, रंगनाथच्या मनात आलं. तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. सुवर्णा दारात आली, तिने अंधार पाहिला, हात पाहिले, भिंत पाहिली.

“अगं बाई! माझा होमवर्क!”

मग सुवर्णाने पदर खोचला, एक मोठा श्वास घेतला आणि सरळ बाईंपुढे गेली. “मॅडम, आय पुट दीज अप. दिस इज माय स्टडी. नॉट रूल.” आणि बायकांकडे वळून, “पुट ऑन द लाइट, गोटीमामा! पुट डाउन युवर हँड्स!”

ट्यूब लागल्या. बावीस हात एकदम खाली आले आणि बावीस जणी एकदम “आई गं” म्हणाल्या.

हॉलंडच्या बाई हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग त्या सुवर्णाशी बोलत राहिल्या, आणि सुवर्णा अडखळत, हातवारे करत उत्तरं देत राहिली. फवारणीची वही, पाण्याचा रिपोर्ट, सगळं तिनेच दाखवलं. ललितला मध्ये तोंड घालायला जागाच मिळाली नाही. रंगनाथ दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता.

“पास!” सुवर्णाने शेवटी सांगितलं. “त्या म्हणतात, इतकी पॅकहाऊस पाहिली, पण भिंतीवरचं खरोखर पाळतात ते हे पहिलंच.”

रंगनाथ मटकन क्रेटवर बसला. “अन् त्या पाट्या?”

“दोन ते सहा काढायच्या. एक नंबर ठेवायचा. आणि...” सुवर्णाने मान फिरवली. “सात नंबर पण ठेवा म्हणतात. लिस्टमध्ये लिहिलाय त्यांनी. दर महिन्याला रजिस्टरमध्ये मालकाची सही पाहिजे, की नियम पाळला जातोय.”

“अगं पण सात नंबर हाय काय?”

सुवर्णा पदराने पाटी पुसू लागली. ललित छताकडे बघू लागला. शेवटी गोटीरामने डिक्शनरी छातीशी धरली. “भाऊ, ते असं हे... ‘मी माझ्या नवऱ्याला सहन करते.’”

“मामांनी सकाळीच सांगितलं होतं,” लताबाई दंड चोळत म्हणाली. “आम्ही म्हणलं, त्यात नवीन काय? ते तर आम्ही पाटी लागायच्या आधीपासनं पाळतो.”

बावीस जणी खदखदून हसल्या. रंगनाथ हसला नाही. “काय गं,” तो हळूच म्हणाला, “एवढं?”

“छायाताई म्हणाल्या, वाक्य खरंखुरं पाहिजे. तरच डोक्यात बसतं.”

कंटेनर गेला. पैसेही आले. महिनाअखेरीला रंगनाथ रजिस्टर घेऊन ओट्यावर बसला. हात धुणे, होय. टोपी, होय. सातव्या रकान्यापाशी पेन अडलं. या महिन्यात तो जेवून स्वतःचं ताट उचलत होता. क्लासला तिला दोनदा स्वतः सोडून आला होता. लावलंच होतं त्याने ते मनाला.

“सुवर्णा,” त्याने आत आवाज दिला, “सात नंबरला काय लिहू? अजून पाळतेस, का आता गरज नाय?”

आत भाकरीची थाप थांबली. रंगनाथचा जीव टांगणीला लागला.

“लिहा, गरज नाय,” सुवर्णा म्हणाली. “पण पेन्सिलीनं लिहा.”